चढावरचा पांढरा दगड

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दूधवाला दारात आला की मी आधी त्याच्या मापाचं बूड बघते आणि मग त्याचं तोंड. वडील पुण्याला पोलीस खात्यात जमादार होते, त्यामुळे हे वळण घरातूनच लागलेलं. साखरेचा डबा, लोणच्याची बरणी, इतकंच काय देवघरातली घंटासुद्धा ते मधूनच वीतभर सरकवून ठेवायचे आणि नंतर ती कोण जागेवर ठेवतो ते बघत बसायचे. ज्याला वस्तूची नेमकी जागा ठाऊक, त्याचाच तिथे रोजचा हात, असं त्यांचं शास्त्र होतं. या शास्त्राने त्यांनी एकदा माझ्या आत्याला लोणच्याच्या चोरीत पकडलं होतं. ती बिचारी पुढे सहा महिने आमच्याकडे फिरकली नाही, आणि वडील मात्र सहा महिने खुशीत होते.

नर्सिंगचं शिक्षण संपवून मी जुन्नरला एका दवाखान्यात नोकरीला लागले ती पन्नासनंतरची वर्षं. दवाखान्याकडे लष्कराने काढून टाकलेली एक जीप होती. स्टिअरिंग डाव्या बाजूला, छताला मेणकापड, दारं नाहीत. आठवड्यातून दोनदा तीत बसून मी डोंगरातल्या गावांत जायचे. देवी टोचायच्या, पोटुशी बायका तपासायच्या, कुणी अडली तर सोडवायची. जुन्नरपासून थेट आंबेगावच्या पश्चिमेपर्यंत, घोड नदीच्या वरच्या अंगाला. ते जुनं आंबेगाव आता धरणाच्या पाण्याखाली आहे. तेव्हा त्याच्या बाजारातून आमची गाडी जायची आणि माणसं उठून बघायची.

गाडीचा ड्रायव्हर वारूळवाडीचा होता. चाळिशीचा, हाडापेराने मोठा, बोलायला कंजूष. लढाईत ब्रह्मदेशात लष्कराच्या गाड्या चालवून आलेला. गावाकडची जमीन भावाकडे होती, याच्या वाट्याला आलं ते हे स्टिअरिंग. घरी बायको आणि शाळेत जाणाऱ्या दोन मुली. गाडी गेली तर या माणसाकडे दुसरं काहीच नव्हतं. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, तरी पुढे मी जे केलं ते केलंच.

पहिल्याच फेरीला माझ्या मनात पाल चुकचुकली. आमच्या शेवटच्या गावाला, त्याला सगळे वरचं गावच म्हणायचे, जायला एक चढण होती. जुनी बैलगाडीची वाट, पायथ्याला शेंदूर फासलेला म्हसोबा. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला सरळ दरी. म्हसोबापाशी त्याने गाडी थांबवली, मागून पहार काढली आणि मला म्हणाला, "उतरा बाई. मी बघून येतो."

"काय बघून येता?"

"वाट."

"वाट तर इथून दिसते आहे."

"हितनं दिसतो तो डोंगूर. वाट पायाखाली दिसती."

आणि गेला. वीस मिनिटं मी म्हसोबासमोर बॅग घेऊन उभी. वर वळणापाशी तो दिसेनासा झाला, मग पहारीचे दोन-चार ठोके ऐकू आले, मग काहीच नाही. परत आला तेव्हा त्याच्या बोटांना चुना लागलेला होता. मी विचारलं, चुना कशाचा? तर म्हणाला, "खुणेचा." मग मला म्हणाला, "तुमी पायी चढा. वरच्या सपाटीला गाडीत घेतो." साडीचा ओचा खोचून मी तो चढ चढले आणि मनातल्या मनात त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चढाच्या माथ्यावर, वाट डावीकडे वळते त्या जागी, कातळावर पाट्याएवढा एक दगड होता. ताज्या चुन्याने पांढरा केलेला. मी त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

आता तेव्हाचे दिवस लक्षात घ्या. मुंबई राज्यात दारूबंदी होती. डोंगरात हातभट्ट्या लागत होत्या आणि माल ट्यूबांतून, फुटबॉलच्या फुग्यांतून, एकदा तर म्हणे तिरडीवरून शहरात जात होता. वडिलांच्या पत्रांत दर वेळी अशी एक तरी हकिगत असायची. आणि आमच्या जीपमध्ये, मागच्या बाजूला, ट्रकची एक जुनी ट्यूब पडलेली असे. दोन्ही तोंडं तारेने आवळलेली, पोट तुडुंब. वडील सांगायचे, ट्यूबमधून नेलेल्या दारूला रबराचा वास मारतो. एकदा ड्रायव्हर विडी ओढायला लांब गेला तेव्हा मी वाकून ट्यूब हुंगली. रबराचा वास आला. मला आणखी काय हवं होतं?

एकच गोष्ट जुळत नव्हती. ट्यूब जाताना भरलेली असायची आणि येताना रिकामी. दारू तर डोंगरातून खाली यायला हवी. पण संशयाला असल्या अडचणी पडत नाहीत. हा उलट दिशेने नेतो म्हणजे जास्तच पक्का आहे, असं मी ठरवून टाकलं.

मग प्रत्येक गोष्ट त्यात बसायला लागली. बॉनेटवर, बरोबर त्याच्या डोळ्यांसमोर, त्याने तांबड्या रंगाची एक रेघ ओढलेली होती. ती कशाला? वरच्या सपाटीला पोचल्यावर तो मला म्हणायचा, "तुमी व्हा फुडं गावात, मी गाडी गार करून येतो." एकट्याने काय गार करायचं? दर आठवड्याला गाडी आळेफाट्याच्या एका गॅरेजात न्यायचा. नट आवळायला. नट काय दर आठवड्याला सुटतात? येताना उतारावर तो इतका सावकाश यायचा की शेजारून शेरडं पुढे जात. गाडी सगळ्यांत खालच्या गिअरात, इंजिन नुसतं रेकत असायचं. आळेफाट्याचे ट्रकवाले तर उतार लागला की इंजिन बंद करून गाडी सोडून देतात, पेट्रोल वाचतं, हे मला ठाऊक होतं. मी त्याला तसं सुचवलंही.

"सोडल्याली गाडी कुनाचीच नसती," तो म्हणाला. "ज्या गिअरात चढलो, त्याच गिअरात उतरायचं."

मला वाटलं, हा मुद्दाम वेळ काढतो आहे. कुणाची तरी वाट बघतो आहे.

दिवाळीच्या आधी शेवटचा मोठा पाऊस झाला, त्यानंतरच्या फेरीत मी पाहिलं तर पांढरा दगड हललेला. आधी होता त्यापेक्षा हातभर डावीकडे. त्याच दिवशी पलीकडच्या घळीतून धूर वर येत होता. कोळसा पाडणारेही तिथे भट्ट्या लावत, पण त्या दिवशी मला कोळसा सुचला नाही. दगड डावीकडे म्हणजे भट्टी चालू, उजवीकडे म्हणजे बंद, असा सगळा हिशोब माझ्या डोक्यात तयार झाला. खोलीवर येऊन मी आमच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावाने एक अर्ज लिहिला. ट्यूब, चुना, तांबडी रेघ, धूर, सगळं क्रमाने. खाली सही केली. घडी घालून तो माझ्या बॅगेत कापसाखाली ठेवला. डॉक्टर फार कडक होते. दारूचं नुसतं नाव निघालं असतं तरी ड्रायव्हर त्याच दिवशी घरी बसला असता आणि वर खटला. अर्ज द्यायला माझा हात शिवशिवत होता, पण जमादाराची मुलगी पुराव्याशिवाय बोलत नाही. पुरावा हवा होता.

तो मिळवायचा कसा, हे मला वडिलांनी लहानपणीच शिकवलेलं होतं.

एका सोमवारी परत येताना नेहमीप्रमाणे त्याने मला सपाटीवर उतरवलं आणि चढाचा भाग पायी उतरायला सांगितलं. तो मागे टायर बघत राहिला. मी माथ्यावर आले. आजूबाजूला कुणी नव्हतं, वाळलेलं गवत आणि वारा. मी बॅग खाली ठेवली, कातळाला पाय टेकवून दोन्ही हातांनी दगड रेटला आणि चांगला दोन हात उजवीकडे सरकवला. हाताला लागलेला चुना गवताला पुसला. पुढच्या खेपेला दगड परत जागेवर दिसला तर त्यांचा माणूस या वाटेने येतो हे सिद्ध. उतरताना त्याची नजर चाकांपुढच्या वाटेवरच असायची, दगडाकडे तो बघतही नसे. मी खाली म्हसोबापाशी जाऊन साळसूदासारखी उभी राहिले. खरं सांगते, मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं.

पुढची फेरी शुक्रवारी होती. त्या दिवशी आम्ही पायथ्याच्या वाडीत देवी टोचत होतो, वर जायचं नव्हतंच. दुपारचा एक वाजला असेल. डोंगरातून एक माणूस धावत आला, धोतर मांड्यांपर्यंत खोचलेलं, पायांना काटे लागून रक्त आलेलं. वरच्या गावचाच. त्याला दम लागून बोलता येईना.

"बाई, मंडळी अडलीया. कालच्या सांजपासनं. सुईन म्हनती आता माज्या हातात न्हाई."

आम्ही होतो तसे निघालो. म्हसोबापाशी आल्यावर ड्रायव्हरने गाडी थांबवली आणि सवयीने पहारीकडे हात नेला. मग त्याने त्या माणसाकडे पाहिलं. तो माणूस उतरून पायवाटेने केव्हाच वर पळत सुटला होता.

मीही घाई केली. म्हणाले, "आज तरी वाट बघत बसू नका. तिकडे जीव अडकला आहे."

त्याने पहारीवरचा हात काढून घेतला. "परवा सोमवारी बघितलाय चढ. पाऊस न्हाई पडला," तो स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. मग मला म्हणाला, "बसा बाई. पायी चढत बसलात तर येळ जाईल."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी तो चढ गाडीत बसून चढत होते. त्याने एक दांडा ओढला, तशी पुढची चाकंही जोर करायला लागली. दुसरा दांडा खालच्या गिअरात टाकला आणि पाय क्लचवरून उचलून बाजूला ठेवला. "आता वरपातुर गिअरला हात नाय लावायचा," तो म्हणाला. गाडी बैलाच्या चालीने चढू लागली. मी उजवीकडे बसले होते. माझ्या कोपराच्या पलीकडे दरी होती.

निम्मा चढ गेला. मग तो छातीसारखा उभा भाग आला. जीपचं तोंड वर उचललं गेलं आणि समोरची वाट नाहीशीच झाली. बॉनेट आणि वर निळं आभाळ. दुसरं काही नाही. मी म्हटलं, "तुम्हाला काही दिसतं का?"

"वाट न्हाई दिसत. कुनालाच न्हाई दिसायची हितं." तो मान उंच करून त्या तांबड्या रेघेवरून बघत होता. "दगूड दिसतो न्हवं, त्यो रेघंच्या टोकावर धरायचा. त्यो तिथं हाय तवर चाकं वाटंवर हायत."

आभाळाच्या कडेला एक पांढरा ठिपका आला. त्याने स्टिअरिंग किंचित उजवीकडे घेतलं आणि ठिपका रेघेच्या टोकावर आणून बसवला.

दगड मी ठेवला तिथेच होता. कुणीही तो हलवला नव्हता. आणि हा माणूस, ज्याला समोर फक्त आभाळ दिसत होतं, त्या दगडाच्या भरवशावर आम्हा दोघांना घेऊन सरळ उजवीकडे चालला होता. मी खाली पाहिलं. चाकाखालून माती सुटून दरीत जात होती.

"थांबा!" मी ओरडले. "दगड जागेवर नाही! मी सरकवलाय!"

त्याने मान वळवली नाही. इंजिन बंद केलं आणि ब्रेक दाबून धरला. गाडी होती तिथे थांबली. एक हिसका बसला, माझ्या बाजूची पायरी कशावर तरी घासून वाकली आणि मोठा धोंडा सुटून खाली गेला. तो तळाला आपटल्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

"हलू नका," तो म्हणाला. "उडी मारू नका. अंग माज्याकडं टाका."

मी टाकलं. लाजबिज सगळं विसरून त्या माणसाच्या खांद्याला खांदा लावून बसले. दुसरा कुणी असता तर त्याने क्लच दाबला असता, किंवा गाडी वळवायला गेला असता. हे तेव्हा मला कळत नव्हतं, नंतर त्यानेच सांगितलं. चढावर क्लच दाबला की गाडी मोकळी सुटते आणि मोकळी सुटलेली गाडी मागे कुठे जाईल ते देवाला ठाऊक. आणि वळवली तर आडवी होते. चढाला गाडीने तोंड द्यावं, नाहीतर पाठ द्यावी, कूस कधी देऊ नये, असं तो म्हणायचा. त्याने बंद गाडीतच मागचा गिअर टाकला. क्लच पूर्ण सोडून दिला. एक पाय ब्रेकवर, दुसरा खालच्या स्टार्टरच्या बटणावर. बटण दाबत त्याने ब्रेक हळूहळू सोडला. इंजिन खोकलं, लागलं, आणि गाडी मागच्या मागे, आलेल्या चाकोरीतूनच, पायरी-पायरीने उतरू लागली. पुढे बघत नव्हता, मान मागे वळवून चाकोरी बघत होता. म्हसोबापर्यंत तो तसाच आला.

गाडी थांबवून तो उतरला, पहार घेतली आणि वर गेला. मी मागोमाग गेले. दगडाच्या मूळ जागी कातळावर चुन्याचा डाग राहिला होता, दगडाच्या आकाराचा. त्याने ते पाहिलं, दगड उचलून तिथे ठेवला, पहारीने कड ठोकून बघितली. मग म्हणाला, "कशापायी सरकवला?"

खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. "बघायचं होतं, परत कोण ठेवतं ते."

"मंग? ठेवला कुनी?"

"नाही."

"कोन ठेवनार? ह्यो दगूड माज्याबिगर कुनाच्या कामाचा हाय? पावसानं कड ढासळली तवा हातभर डावीकडं बी मीच घेतला व्हता."

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही दारू नेता. त्या ट्यूबमधून."

मला वाटलं होतं, तो हसेल तरी नाहीतर शिवी तरी देईल. त्याने दोन्ही केलं नाही. "बाई, तुमी माज्या जिवावर उठला व्हता," एवढंच तो म्हणाला. पहार उचलून म्हणाला, "तुमच्या बी." मग त्याने मला पायी सपाटीकडे पाठवलं आणि गाडी आणायला खाली गेला.

सपाटीवर गाडी पोचली तेव्हा बॉनेटखालून वाफ येत होती. मी पुढे गावात न जाता उभीच राहिले होते. त्याने ट्यूब ओढून काढली, तार सोडली आणि तिचं तोंड रेडिएटरला लावलं. पाणी. ओढ्याचं साधं पाणी. चढून तापलेलं इंजिन गार करायला तो ते खालून भरून आणायचा, आणि मागच्या चाकांवर तेवढंच वजनही पडायचं. "घ्याचं का?" त्याने विचारलं. घशाला कोरड पडली होती. मी ओंजळ पुढे केली. त्या पाण्याला रबराचा वास येत होता.

बाळंतीण वाचली. तासाभराच्या झटापटीनंतर मुलगी झाली, उशिराने का होईना रडली. पण आईचं रक्त फार गेलं होतं, तिला खाली न्यायलाच हवं होतं. मागच्या बाजूला घोंगडी अंथरून तिला निजवली, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले. तोच उतार, तोच खालचा गिअर, तेच रेकणारं इंजिन. त्या बाईच्या पोटातलं पाणी हलू न देता त्याने गाडी खाली आणली. दिवस मावळायच्या आत आम्ही दवाखान्यात होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बोलावलं. वाकलेली पायरी त्यांनी पाहिली होती.

"चढ पायी न बघता गाडी घातली, सायब," ड्रायव्हर म्हणाला. "चूक माजी हाय."

"मग गाडी तुझ्या ताब्यात ठेवायची कशाला?" डॉक्टर म्हणाले. "सोमवारपासून येऊ नकोस."

तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. मला त्याच्या दोन मुली आठवल्या, मी त्या कधी पाहिल्या नव्हत्या तरी.

मी म्हणाले, "साहेब, खुणेचा दगड मी सरकवला होता. चूक त्यांची नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्याला त्यांनी बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटलं. "तुम्ही दगड सरकवलात? कशासाठी? डोंगरावर दगड सरकवायला कोण जातं?" ते म्हणाले. "तुम्ही त्याला पाठीशी घालताय. का घालताय, ते मी विचारत नाही. पण तुम्ही एकट्या राहता, आणि हे गाव लहान आहे."

ही नजर माझ्या ओळखीची होती. लोणच्याच्या बरणीपाशी उभ्या असलेल्या आत्याकडे वडिलांनी असंच पाहिलं होतं. मी निर्दोष होते आणि ते सिद्ध करणारा कागद माझ्याच बॅगेत, कापसाखाली होता. तो अर्ज काढून टेबलावर टाकला असता तर डॉक्टरांना कळलं असतं की हा माणूस माझा कोणी लागत नाही, उलट मीच त्याच्या मागावर होते. दगड का सरकवला, तेही कळलं असतं. पण त्या अर्जावर दारू हा शब्द पाच वेळा होता आणि खाली माझी सही. डॉक्टर तो तसाच पुढे पाठवणार होते. चौकशी लागली असती, गाडी गेली असती, आणि नंतर ट्यूबमध्ये पाणी होतं हे सांगत तो कुणाकुणाच्या दारात उभा राहिला असता?

मी बॅग उघडली नाही. म्हणाले, "तुम्हाला जे वाटायचं ते वाटू दे. पण वरच्या गावाला त्यांच्याशिवाय गाडी कुणी नेणार नाही. काल ती बाई त्यांच्यामुळे वाचली आहे."

हे मात्र डॉक्टरांना पटलं, कारण ते खरं होतं. ड्रायव्हरची नोकरी राहिली. त्याला लेखी ताकीद मिळाली. आणि त्या आठवड्यापासून दवाखान्यातल्या म्हाताऱ्या आयाबाई आमच्याबरोबर जीपमध्ये यायला लागल्या. त्या मागे बसून आम्हा दोघांकडे डोळ्यांत तेल घालून बघायच्या, आणि जुन्नरला परतल्यावर काय सांगायच्या कुणास ठाऊक, पण विहिरीवर मी गेले की बायका बोलायच्या थांबत. अर्ज मी त्याच संध्याकाळी अंघोळीच्या बंबात घातला. यातलं काही मी ड्रायव्हरला कधी सांगितलं नाही. सांगायला तोंड नव्हतं.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही त्या वाटेने गेलो. तो माझ्याशी कधी वाकडं बोलला नाही. पण म्हसोबापाशी गाडी थांबली की पहार काढायच्या आधी तो माझ्याकडे वळायचा आणि दर वेळी त्याच आवाजात विचारायचा, "बाई, दगडाला हात लावला न्हाई न्हवं?"

"नाही," मी म्हणायचे.

तो मान हलवायचा आणि वर जाऊन बघून यायचा. उतरताना मला एकटीला पुढे जाऊ द्यायचा नाही, आयाबाईंना बरोबर धाडायचा. मी काहीही उचललं, अगदी वाटेतलं रानफूल, तरी त्याची नजर माझ्या हातांवर असायची. पहिल्यापहिल्यांदा मला राग यायचा. मग रडू यायचं. मग सवय झाली.

माझी बदली झाली तेव्हा शेवटच्या फेरीला मी ठरवून गेले होते. म्हसोबापाशी गाडी थांबली. त्याने विचारायच्या आत मीच म्हणाले, "दगडाला हात लावलेला नाही. शपथ घेऊन सांगते."

"बरं," तो म्हणाला.

त्याने पहार काढली, खांद्यावर टाकली आणि चढ चढू लागला. मी बॅग घेऊन खाली उभी राहिले. वर पहारीचे ठोके ऐकू आले, नेहमीइतकेच.